मालकांच्या साखरगाठी

आमचे दहिवलीचे घरमालक वसंत लागला की कामातून जायचे.

एरवी माणूस तसा ताळ्यावर असायचा. पाण्याची मोटर वेळेवर लावणार, गटार तुंबलं तर स्वतः काठी घेऊन उतरणार, कुणा भाडेकरूकडे पाहुणे आले तर त्यांना चहा पाजूनच वर सोडणार. पण माघ अर्ध्यावर आला आणि परसातल्या रायवळ आंब्याला मोहर दिसला की संपलं. सकाळी मी डबा भरत असायचे, मोहोपाड्याच्या कंपनीची बस चारफाट्यावर चुकेल म्हणून जीव नुसता खालीवर, आणि दारावर धाडधाड थापा.

“उठा रं! मोहर आलाय आन् झोपताय काय!”

“मालक, मी केव्हाच उठलेय. डबा भरतेय.”

“मंग भायेर ये की. डबा काय पळून जातोय? वास बग कसा सुटलाय. उनं चडली की गेला.”

गेलं नाही तर हा माणूस दारातून हलायचा नाही. मग एका हातात पोळी, एका हातात डब्याचं झाकण, अशी मी परसात. शेजारच्या खोलीतले शिक्षक टॉवेल गुंडाळून उभे, त्यांची बायको दात घासता घासता आलेली. आम्ही सगळे नाक वर करून त्या आंब्याखाली वास घेत असायचो. बाहेरच्याने पाहिलं असतं तर म्हणाला असता, या चाळीला काय झालंय काय!

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. खरं सांगायचं तर नावाने त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकलीच नाही. भाडेकरू मालक म्हणायचे, दूधवाला मालक म्हणायचा, आणि काकू, म्हणजे त्यांची बायको, “आमचं ध्यान” म्हणायच्या. ते त्यांच्या तोंडावरच. मालकही त्या हाकेला ओ द्यायचे.

तर या ध्यानाला वसंतात दोन खुळं लागायची. एक म्हणजे जे जे फुललं, पालवलं, ओरडलं ते सगळ्यांना दाखवायचं. भाडेकरूंचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप होता. तो काढला होता पाण्याच्या वेळा कळवायला. वसंतात त्याच्यावर पाण्याचं अवाक्षर यायचं नाही. काटेसावरीच्या फुलाचा फोटो, कुसुंबाच्या लालबुंद पालवीचा फोटो, आणि दोन्ही फोटोंत निम्मा मालकांचा अंगठा. एकदा मी लॅबमध्ये साहेबांसमोर उभी होते आणि फोनवरून मोठ्याने टुक टुक टुक टुक सुरू झालं. मालकांनी तांबट पक्ष्याचा आवाज भरून पाठवला होता. मागून त्यांचा स्वतःचा आवाज, “ऐकलास का? ऐकलास का गं?” साहेबांनी विचारलं, हे काय आहे? काय सांगणार, कपाळ! घरमालक आहेत म्हटलं.

दुसरं खूळ जास्त महाग पडायचं. मोहरापासून पाडव्यापर्यंत सणासुदीचं, शोभेचं, रंगाचं असं काही बाजारातून आणायचं नाही. सगळं घरी हाताने करायचं. “इकत काय कोन पन आनतो,” असं म्हणायचे. यात वाईट काहीच नव्हतं. अडचण एवढीच होती की मालकांना हाताने काही म्हणजे काही करता येत नव्हतं. आणि शेगडीवर काय ठेवलंय ते विसरायची तर त्यांना देणगीच होती. त्यामुळे मोहर आला की मालक परसात जायचे आणि काकू शिडी लावून चांगली भांडी माळ्यावर टाकायच्या.

त्यांनी बांबूचं पक्ष्यांचं घर केलं, त्यात गांधीलमाश्या राहायला आल्या. मालक खूश. “कुनीतरी ऱ्हायला आलं ना? मंग!” सावरीचा कापूस गोळा करून उशी शिवायला बसले आणि डोक्यावरचा पंखा बंद करायचा विसरले. कापूस ओटीवर, जिन्यात, काकूंच्या आमटीत, माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांत. पुढे कितीतरी दिवस लॅबमध्ये माझ्या ओढणीतून तो एकेक तंतू उडायचा. पळसाचा रंग तर त्यांनी असा केला की गल्ली अजून बोलते. होळीच्या आधी पळसदरीच्या बाजूला जाऊन पिशव्या भरभरून फुलं आणली आणि ती भिजत घातली कशात, तर गंजक्या लोखंडी घमेल्यात. वर विसरले. फुलांचा रंग केशरी यायचा, तो लोखंडाने पार बिघडला. धुळवडीला मालकांनी तो सगळ्यांवर मनसोक्त ओतला आणि आख्खी गल्ली फॉरेस्ट खात्यात भरती झाल्यासारखी खाकी होऊन फिरली. शिक्षकांचा पांढरा सदरा गेला तो गेलाच. ते बिचारे तक्रार करायला आले तर मालक सदरा उजेडात धरून म्हणतात, “रंग पक्का बसलाय पन, मास्तर. धुवून बगा.”

मी एकदा चिडून विचारलं होतं, “मालक, तुम्हाला हे जमत नाही, तर करता कशाला?”

ते गंभीर झाले नाहीत. गंभीर होणं त्यांना तेवढंसं जमायचं नाही. घमेलं घासता घासता म्हणाले, “सगली नोकरी बॉयलरसमोर गेली गं माजी, रसायनीला. बॉयलरला एकच रुतू. उनाला. भायेर पलस फुलला काय, पानं झडली काय, आत आपला घाम. रिटायर झालो, पयल्या साली परसात उबा ऱ्हायलो आन् ह्यो मोहर. म्हनलं, आयला, ह्ये दरसाल होत व्हतं?”

बोलून ते स्वतःच हसले आणि परत घमेलं घासायला लागले.

मी अशी त्यांच्यावर तोंडसुख घेतेय, म्हणजे मला ते आवडत नव्हते असं कुणी समजू नये. आता मालक नाहीत. एका श्रावणात गेले, दुपारी आडवे झाले ते झालेच. काकू मुलाकडे असतात, अधूनमधून घर बघायला येतात. मी अजून तिथेच राहते. आणि हे लिहायला बसले आहे ते काही खाकी सदऱ्यासाठी नाही. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. किती आहेत ते सांगायचं तर आईच्या हाताची गोष्ट सांगायला हवी.

आई रोह्याला असायची. आमच्या आळीत कुणाचंही लग्न ठरलं की मुलीची आई आधी आमच्याकडे यायची, मग हॉल बघायला जायची. कारण रुखवत आई करायची. सुपारीचे नवरानवरी, डाळीतांदळाची नक्षी, मण्यांचं तुळशीवृंदावन, क्रोशाचे रुमाल, सगळं. पैसे घ्यायची नाही, पण नावं ठेवायची. दुसऱ्या कुणी केलेलं रुखवत बघायला गेली की एक नजर टाकायची आणि म्हणायची, “छान आहे हो. घाईत केलं वाटतं.” बिचारीने महिनाभर खपून केलेलं असायचं.

त्या आईला मार्गशीर्षात झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ लवकर सुटली, पाय ओढत का होईना चालायला लागली, पण उजवा हात पडला तो पडला. मी तिला दहिवलीला घेऊन आले. कर्जतच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “हातात जीव आहे. बोटं थोडी हलतात. पण हे पहिले महिनेच काय ते. आत्ता वापरला तर हात येईल. नाही वापरला तर आखडेल, आणि मग माझ्याकडे आणून उपयोग नाही.”

व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. आईने तो पलंगाखाली सोडून दिला. “मी काय बालवाडीत आहे?” व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंना ती चहा द्यायला लावायची, त्यांच्या माहेरची चौकशी करायची आणि वेळ संपवायची. हात कायम पदराखाली. कुणी आलं की आणखी आत. माझा भाऊ पुण्याहून रोज फोन करायचा, आईला काही करायला लावू नको हं. मी तिचे केस विंचरायचे, भात कालवून द्यायचे, चमचा तिच्या डाव्या हातात ठेवायचे, पेलासुद्धा डावीकडे ठेवायचे. काकू आल्या की डाव्या बाजूला बसायच्या. शिक्षकांची बायको हळदीकुंकवाला आली तर वाण डाव्या हातात दिलं आणि स्वतःच डोळे पुसले. सगळ्यांनी इतकं जपलं, इतकं जपलं, की तो हात म्हणजे घरात कुणीतरी गेल्यासारखं झालं होतं. त्याचं नाव काढायचं नाही.

आणि दिवस जात होते. रात्री झोपताना मी तिची बोटं उघडून बघायचे. ती हळूहळू मुठीकडे वळत होती. मला इतकी भीती वाटायची की सांगता येत नाही. आई म्हणायची, “झोप गं. रुखवतं आता हॉलवालेच करतात.”

अशात मोहर आला आणि दारावर थापा पडल्या.

पहिल्या दिवशी आई बाहेर आली नाही. मालकांना त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोहराची डहाळी आणून थेट तिच्या नाकासमोर धरली. “ताई, वास घ्या.” आईने घेतला. काय करते! मग मी कामावर गेले की ते तिला ओटीवर खुर्ची टाकून द्यायचे आणि समोर बसून आपला कारखाना चालवायचे. नारळाच्या करवंटीचा दिवा, पळसाच्या पानांची टोपी, कागदाची फुलं. आई बघायची आणि तोंड फिरवायची. वाकडं काम तिला सोसायचंच नाही. पण बोलायची नाही. आजारपणापासून तिने नावं ठेवायचंही सोडून दिलं होतं, आणि ते मला हातापेक्षा जास्त खुपायचं.

होळीनंतर एका संध्याकाळी मी बसमधून उतरून घरी आले, तर मालक कसल्याशा चिंध्यांचं एक चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून तिच्यासमोर धरून उभे. आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “भाऊ, हा मोर आहे का बदक?”

“कोंबडा हाय,” मालक म्हणाले.

आई हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. “मग तुरा मागे का लावलाय हो त्याला?” मालकांनी कोंबडा उलटा करून बघितला, त्यांना काही पटलं नाही. मी पायऱ्यांवरच थांबले. आईने नावं ठेवली होती! मी घरात जाऊन शिरा केला.

पण हात पदराखालीच होता.

पाडवा जवळ आला तशी मालकांना नवी कल्पना सुचली. गुढीच्या साखरगाठी घरी करायच्या. गाठी म्हणजे गुढीला घालतो ती साखरेच्या पदकांची माळ. बाजारात ढिगाने मिळते. “त्या बाजारच्या गाठीत काय असतंय कुनाला ठावं!” असं म्हणून त्यांनी सागाची एक जुनी फळी घेतली आणि तिच्यात छिन्नीने गोल खळगे पाडले. गोल म्हणजे मालकांच्या मते गोल. खळग्यांच्या मधून दोऱ्यासाठी एक खाच, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत. खळग्यांना तूप लावायचं, दोरा खाचेत ताणून बसवायचा आणि वरून साखरेचा पाक ओतायचा. पाक आळला की दोरा उचलायचा, माळ तयार. दोरा ढिला राहिला तर तो गरम पाकावर वर तरंगतो आणि पदकं सुटी पडतात. म्हणून टोकांना खिळे मारून तो ताणून बांधायचा असतो. मालकांनी हे सगळं आईला नीट समजावून सांगितलं होतं.

पहिल्या खेपेला पाक कच्चा राहिला. गाठींचं सरबत झालं आणि मुंग्यांची जत्रा भरली. दुसऱ्या खेपेला पाक पातेल्यातच बसला. तो खरवडायला मालक आणि काकू दोघं बसले होते, आणि काकू जे बोलत होत्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या उरलेलं पातेलंही माळ्यावर टाकायला निघाल्या होत्या. मालकांनी ते धरून ठेवलं.

तिसरी खेप रविवारी. मला सुट्टी होती, मी अंगणात नळाखाली चादरी धूत होते. काकू बाजारात गेलेल्या. आई ओटीवर खुर्चीत, पुढ्यात स्टुलावर ती फळी, आणि आतल्या शेगडीवर पाक. एकदम आतून आरोळी आली.

“आला! पाक आला!”

मालक सांडशीत पातेलं धरून धावत ओटीवर आले. फळीकडे बघितलं आणि जागच्या जागी नाचायला लागले. दोरा खाचेत नुसता पडला होता. खिळे मारायचे विसरले होते.

“अरे द्येवा! ताई, धरा! दोरा धरा! दोनी टोकं!”

आईने डावा हात पुढे करून तिकडचं टोक धरलं. इकडचं टोक लोंबत होतं.

“आवो, दुसरं! दुसरा हात कुटं हाय तुमचा? काडा भायेर! पाक बसतोय!”

मी साबणाच्या हातांनी तशीच उभी राहिले. दुसरा हात कुठे आहे, असं या घरात कुणी बोललं नव्हतं.  वाटलं, आता ही रडणार, आता उठून आत जाणार आणि परत ओटीवर येणार नाही. मी “मालक!” म्हणून ओरडलेसुद्धा. त्यांना कुठलं ऐकू जायला! पातेल्यातल्या पाकाशिवाय त्यांना जगात काही दिसत नव्हतं.

आणि पदर हलला. हात बाहेर आला. हळू, मनगटातून लोंबता, पण आला. स्टुलाच्या कडेला टेकला, दोऱ्याकडे सरकला. अंगठा आणि बोट जवळ येईनात. आईने खालचा ओठ दातात धरला होता. बोटं थरथरत होती, एकदा दोरा निसटला, तिने पुन्हा धरला. धरला हो!

“ताना! ढिला सोडू नका! ताना, ताई!”

तिने ताणला. मालकांनी पाक ओतला. पहिल्या खळग्यात, दुसऱ्यात, तिसऱ्यात, थोडा स्टुलावर, थोडा स्वतःच्या पायावर. “आता हलू नका, आळू द्या, आळू द्या,” असं म्हणत ते एका पायावर नाचत होते आणि फळीवर फुंकर घालत होते. आई हलली नाही. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. दोरा थरथरत होता, पण ताणलेला होता.

पाक आळला. मालकांनी फळी उलटी करून ठोकली आणि माळ अलगद बाहेर आली. एक पदक अंड्यासारखं, एक बटाट्यासारखं, एकाला शेपूट. पण माळ होती, दोऱ्याला धरून होती. “झाली! झाली रं!” ती माळ उंच धरून मालक अनवाणी रस्त्यावर गेले, दूधवाल्याला दाखवायला. आईकडे त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

मी ओटीवर आले. आईचा उजवा हात स्टुलावर तसाच होता. अंगठा आणि बोट अजून मिटलेली, जसा काही दोरा आहेच. ती त्याच्याकडे बघत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “हात दुखतोय गं माझा.”

गेले कित्येक दिवस त्या हाताला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून भोकाड पसरलं. माझ्या साबणाच्या हातांनी तिचं लुगडं ओलं झालं, तर म्हणते, “अगं ते धुतलेलं होतं.”

पाडव्याला ती गाठी गुढीला घातली. एवढी जड झाली होती की गुढी एका बाजूला कलली, आणि दुपारपर्यंत मुंग्या काठीवरून वरपर्यंत पोचल्या. मला त्या गुढीइतकी देखणी गुढी आजवर दिसलेली नाही.

पलंगाखालचा चेंडू आईने स्वतः काठीने ओढून काढला. व्यायामवाल्या बाईंचा चहा बंद झाला. हात पूर्ण आला असं नाही, खोटं कशाला सांगू? वेणी अजून मीच घालते, आणि सुईत दोरा तिला ओवता येत नाही. पण ती स्वतःच्या हाताने जेवते, कप धरते, चिडली की फोन आपटते. त्यानंतर मालक होते तोवर दर वसंतात ओटीवर तिचा आणि त्यांचा कारखाना चालायचा. ती सांगायची, ते चुकायचे, ती नावं ठेवायची. पळसाची फुलं मातीच्या मडक्यात भिजवली आणि रंग केशरी आला, तेव्हा मालकांना जरासं वाईटच वाटलं. खाकीत मजा होती म्हणाले.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीचं. मी मालकांच्या पाया पडायला गेले होते. ते परसात दगडावर बसून पातेलं खरवडत होते. मी वाकले, तर दचकले.

“काय गं? प्रमोशन झालं का?”

“मालक, तुमचे उपकार कसे फेडू? डॉक्टर थकले, मी थकले. तुम्ही बरोबर ओळखलंत. मुद्दाम खिळे मारले नाहीत ना तुम्ही? मुद्दाम आईला दोन्ही टोकं धरायला लावलीत.”

मालकांचा हात थांबला. “मुद्दाम? कशापायी?”

“म्हणजे, तिने तो हात वापरावा म्हणून.”

 मग हातातलं पातेलं निसटून फरशीवर वाजलं.

“आगं आयाय! त्यांचा त्यो हात! त्यो तर... आन् मी... काडा भायेर म्हनलो मी त्यांना?”

“म्हणालात.”

“इसरलोच की गं मी! पाकाच्या नादात साफ इसरलो. आरं द्येवा, काय बोललो मी त्या माऊलीला!” त्यांनी खरोखर कपाळावर हात मारून घेतला. कपाळाला साखर लागली. मी त्यांना समजवायला गेले, पण ते उठले आणि तसेच तरातरा ओटीकडे निघाले. मी मागे.

आई खुर्चीत होती. मालक तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले.  म्हणाले, “ताई, माफी करा. माज्या ध्यानातच नाय ऱ्हायलं तुमचा हात आजारी हाय त्ये. म्हातारा झालो, इसरतो. पुन्यांदा नाय व्हनार असं. आता ध्यानात ठेवीन.”

आईने त्यांना नीट बोलू दिलं. मग पदराखालून उजवा हात काढला आणि मांडीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

“भाऊ, ध्यानात ठेवायला माझी मुलगी आहे, मुलगा आहे, डॉक्टर आहे, सगळी गल्ली आहे,” ती म्हणाली. “तुम्ही आपले विसरलेलेच राहा.”

 मालकांनी डोकं खाजवलं, नाक पुसलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “मंग येता का मागं? पातेलं धरायला मानूस नाय. दोनी बाजूंनी धरायला लागतंय.”

“येते,” आई म्हणाली, आणि खुर्चीच्या दोन्ही हातांवर दोन्ही हात टेकून उठली.